मधुमेह, इन्सुलिन आणि औषधाचा खर्च

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या मेळाव्यात दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मी काही वैद्य नव्हे, की विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात घालविलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी पात्रता. परंतु गेली काही वर्षे मी स्वतः दररोज दोन वेळा इन्सुलिन टोचून घेत आहे. या व्याधीसंबंधाने मी जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले व हिशेब मांडून पाहिले, ते आपणांपुढे ठेवावे, असे मला वाटले. विवाह, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हे विषय आपल्या व्यासपीठावर दरवर्षी येतात आणि ते यावयासच हवेत. परंतु ज्या रोगाने आज आपल्या घरोघरी ठाण मांडले आहे, त्याचा उच्चारही येथे क्वचितच होतो. सबब हा विषय.

प्रथम या रोगाची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा श्रीमंतांचा रोग आहे, शहरवासीयांचा रोग आहे, लठ्ठ माणसांचा रोग आहे, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. त्यांनी असे दाखवून दिले की, आपली बालके जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते. पोटात असताना ज्यांची आबाळ झाली, त्यांना पुढे सुबत्तेचे दिवस आले म्हणजे मधुमेह गाठण्याचा संभव वाढतो, असा या संशोधनाचा रोख आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने मिलो खाल्ला, सुकडीवर दिवस काढले आणि खडी फोडली. त्या काळातील लेकरे आज पन्नाशी-साठीत आहेत. या संशोधनाच्या प्रकाशात आपल्या पिढीकडे पाहिले, म्हणजे हा रोग आपल्याकडे का वळला असावा, याचा थोडा उलगडा होतो. त्यात आपला पिढीजात धंदा शिवणकामाचा. म्हणजे दिवसभर बैठक, मान खाली आणि तासातासाला चहा. जोडीस भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा आहेच!

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक होता. ‘मधुमेह’ हे नावच मूत्राच्या गोडव्यावरून पडले आहे. ठाऊक नव्हता तो त्यावरील उपाय. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासात त्यांना आहाराच्या पथ्यावरच निभावून न्यावे लागले, कारण त्या काळी दुसरा उपायच नव्हता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले, आणि त्यानंतर अवघ्या एका वर्षात, १९२१ साली, कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई टोचण्यात आली. पहिला प्रयत्न पुरता साधला नाही. औषध अधिक शुद्ध करून २३ जानेवारीस पुन्हा दिले, तेव्हा मरणपंथास लागलेला तो मुलगा सावरला. १९२३ मध्ये बँटिंग व त्यांचे प्रयोगशाळाप्रमुख मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मला पारितोषिकाहूनही मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. बँटिंग यांनी पेटंटावर आपले नाव घालू दिले नाही. आणि बेस्ट व कॉलिप यांच्यासह प्रत्येकी केवळ एक डॉलर घेऊन ते हक्क विद्यापीठास देऊन टाकण्यात आले. हे औषध कोणाच्या नफ्यासाठी नसून रोग्यांसाठी आहे, ही त्यामागील भावना. पुढे जनावरांच्या इन्सुलिनाची जागा प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या मानवी इन्सुलिनाने घेतली. आपल्या देशात असे इन्सुलिन वॉकहार्ट कंपनीने २००३ साली बाजारात आणले, आणि तिचा कारखाना आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर येथे आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

आता इन्सुलिनासंबंधीच्या गैरसमजुतींकडे वळतो. ‘एकदा सुई सुरू झाली की जन्माची सवय लागते’, ‘इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी’, अशी वाक्ये आपण नित्य ऐकतो. इन्सुलिन हे व्यसन नव्हे. ते शरीराचेच द्रव्य आहे. जे आत कमी पडले ते बाहेरून भरून काढावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. विहिरीचे पाणी आटले म्हणून टँकर मागविला, तर टँकराची सवय लागली असे आपण म्हणत नाही. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात तर शरीर इन्सुलिन जवळजवळ मुळीच निर्माण करीत नाही. त्या लेकरास इन्सुलिन हे अन्नपाण्याइतकेच आवश्यक असते, आणि ते बंद करून अंगारे-धुपारे किंवा जडीबुटी यांच्या नादी लागणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. प्रौढ वयातील मधुमेहात प्रथम गोळ्या, पथ्य व व्यायाम यांनी काम भागते. पुढे काहींना इन्सुलिन लागते. डॉक्टरांनी सांगितले असता ते वेळेवर सुरू करणे यातच शहाणपण आहे. आणि बंधूंनो, सुईचे भय इतरांना वाटले तर मी समजू शकतो. परंतु ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे पोट सुईवर भरले, त्या शिंप्यांनी सुईला भ्यावे, हे काही शोभत नाही!

इन्सुलिन घेणाऱ्याने काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरास ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनमध्ये घालावयाच्या नळीतील इन्सुलिन १०० युनिट तीव्रतेचे असते. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या. चाळीसाची सिरिंज बहुधा लाल टोपणाची व शंभराची नारिंगी टोपणाची असते. शंभराच्या औषधास चाळीसाची सिरिंज वापरून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातील. उलट चाळीसाच्या औषधास शंभराची सिरिंज वापरली, तर २० ऐवजी ८ च युनिट जातील. एकात प्राणसंकट आणि दुसऱ्यात औषध घेऊनही न घेतल्यासारखेच. म्हणून दुकानातून सिरिंज घेताना कुपीवरील अंक व सिरिंजेवरील अंक ताडून पाहावा. एवढे अंकज्ञान घरातील चौथीच्या मुलासही असते. त्याच्याकडून ताडून घ्यावे.

दुसरी गोष्ट साठवणीची. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश उष्णतामानात ठेवावयाचे असते. परंतु शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ते मुळीच ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली कुपी घरातील थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. तथापि आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला भिडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक तापते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही, त्यांनी मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे आणि कुपी कोरड्या डब्यात घालून त्या मडक्यात ठेवावी. वाळू सुकू देऊ नये. कोनाड्यात, चुलीजवळ किंवा मोटारसायकलीच्या डिकीत कुपी ठेवू नये.

तिसरी गोष्ट टोचण्याची. पोट किंवा मांडी यांवर जागा बदलत टोचावे. एकाच ठिकाणी नित्य टोचल्यास तेथे गाठी होतात व औषध नीट शोषले जात नाही. दुधी रंगाचे इन्सुलिन तळहातांमध्ये हळुवार फिरवून एकजीव करावे. जोराने हलवू नये. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवाव्यात, उकिरड्यावर टाकू नयेत. तेथे कोणाचे तरी लेकरू अनवाणी फिरते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे साखर एकाएकी उतरणे. घाम सुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, भुकेने कासावीस होणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली असता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब घ्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावी, आणि अजूनही कमी असल्यास पुन्हा घ्यावी. त्यानंतर पोटात थोडे अन्न घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही न घालता तडक रुग्णालय गाठावे. इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

येथे उपासतापासाविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आपण तुळजापूरच्या आईची लेकरे. नवरात्रातील नऊ दिवसांचे उपवास, अनवाणी चालणे, अश्विनी पौर्णिमेची पायी वारी ही आपल्या रक्तातच आहेत. परंतु इन्सुलिन घेऊन निरंकार राहिले तर साखर उतरते, आणि साबुदाण्याची खिचडी व बटाटा यांवर दिवस काढला तर ती चढते. उपवास करावयाचाच असेल तर डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे; मनाने सुई बंद करू नये. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चालताना फोड येऊनही त्यास कळत नाही, आणि त्या फोडातूनच पुढे पाय गमावण्याची वेळ येते. आईच्या दर्शनास जाताना पायात मऊ वहाण असली म्हणून आई रागावेल, असे मला वाटत नाही. रोज रात्री दोन्ही पाय धुऊन, पुसून, तळव्यांसह पाहावेत. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची व मूत्रपिंडांची तपासणी आणि दर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे ‘एचबीए१सी’, डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. ज्याचा धंदा डोळ्यांवर चालतो, त्याने डोळ्यांची हयगय करून कसे चालेल?

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सर्व करावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा? आपण हिशेब मांडू. साध्या कुपीत १० मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट औषध असते. ज्यास दिवसाला ३० युनिट लागतात, त्याची कुपी तेरा दिवस चालते. वर्षाचे १०,९५० युनिट झाले. म्हणजे २८ कुप्या. ज्यास दिवसाला १२ च युनिट लागतात, त्याची कुपी हिशेबाने तेहतीस दिवस पुरली असती. परंतु अठ्ठावीस दिवसांनंतर ती टाकावयाची असल्याने त्यासही वर्षास तेरा-चौदा कुप्या लागतात. कुपीवरील किमतीस या आकड्याने गुणावे. त्यात सिरिंजा, तपासणीच्या पट्ट्या, गोळ्या, डॉक्टरांची फी आणि सोलापूर-लातूरची बसभाडी मिळवावीत. जी बेरीज येईल, ती घरखर्चाच्या वहीत धान्याच्या जोडीने लिहावी. कारण औषध हा आता नैमित्तिक खर्च राहिलेला नाही.

माझ्या माहितीतील एक बंधू कापडाच्या दुकानाबाहेर मशीन टाकून बसत. लग्नसराई सरली की मिळकत आटे, आणि मग ते महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस सुई अर्धीच घेत. घरात कोणास सांगितले नाही. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळली, दोन बोटे काढावी लागली आणि मशीनचे पायटे मारणे कायमचे सुटले. जे पैसे त्यांनी वाचविले, त्यांच्या कितीतरी पट रुग्णालयात गेले. हे उदाहरण मी कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. अर्धी सुई घेणारी अशी माणसे याही सभामंडपात असतील, आणि ती बोलणार नाहीत, म्हणून सांगतो.

विम्याविषयी आपल्यात मोठा भ्रम आहे. कार्ड मिळाले म्हणजे सर्व औषधे फुकट, असे पुष्कळांना वाटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना यांची आपल्या राज्यात सांगड घालण्यात आली असून १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांस, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेचा लाभ खुला झाला आहे. ही मोठी सोय होय. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. पाय चिघळला, मूत्रपिंड निकामी झाले, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर योजना धावून येते. परंतु हे सर्व टाळण्यासाठी जी कुपी दररोज लागते, तिचे पैसे सहसा या कार्डातून मिळत नाहीत. खासगी विम्याचीही बहुधा हीच गत. बाह्यरुग्ण औषधांचा खर्च देणारी पोटयोजना काही कंपन्या ठेवतात. तिचा हप्ता आणि मर्यादा पाहून आपला हिशेब जमतो का, ते ताडून पाहावे.

खासगी विमा घेताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अर्जात मधुमेह लपवू नये. आमच्या नात्यातील एका गृहस्थांस दलालाने ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला दिला. पुढे रुग्णालयाचे बिल कंपनीकडे गेले, तेव्हा जुन्या कागदांवरून सर्व उघड होऊन दावा फेटाळला गेला. दलाल तोवर दुसऱ्या धंद्यात शिरला होता! वस्तुतः मधुमेह सांगूनही विमा मिळतो; फक्त हप्ता अधिक पडतो व काही काळ थांबावे लागते. आधीपासूनच्या रोगासाठी ही थांबण्याची मुदत १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणण्यात आली आहे, आणि पासष्टीनंतर विमा घेण्यास असलेली वयाची आडकाठीही त्याच वेळी दूर झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा करही माफ झाला आहे. दावा अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. महिनाभरात समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करावा. त्यास फी नाही व वकील लागत नाही.

मग रोजचे औषध कोठून मिळवावे? मला तीन वाटा दिसतात. पहिली सरकारी दवाखान्याची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत; जिल्हा व उपजिल्हा पातळीवर मधुमेह-रक्तदाबासाठी असंसर्गजन्य रोगांचे कक्ष आहेत. तेथे नाव नोंदवून, वही ठेवून, नियमाने जावे. औषधाचा साठा कधी असतो, कधी नसतो, हे खरे. म्हणून कुपी संपण्याच्या आठवडाभर आधीच जावे, आणि नसल्यास केव्हा येणार ते विचारावे. दुसरी वाट जनऔषधी दुकानांची. तेथे त्याच द्रव्याच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. उदाहरणार्थ, सिटाग्लिप्टीन या गोळीचे पेटंट संपताच सप्टेंबर २०२२ मध्ये ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या तेथे साठ रुपयांस मिळू लागल्या. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी. तसेच नव्या महाग इन्सुलिनाऐवजी साध्या कुपीवर आपले भागेल काय, हेही संकोच न करता विचारावे, पुष्कळांचे भागते. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत इन्सुलिन ग्लार्जिनचाही समावेश झाला आहे, म्हणजे त्याच्या किमतीवरही सरकारचा अंकुश आला आहे.

तिसरी वाट कर्मचारी राज्य विमा योजनेची. आपली पुष्कळ मुले पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत आहेत. ज्यांचा मासिक पगार एकवीस हजारांपर्यंत आहे व ज्यांच्या पगारातून या योजनेची वर्गणी कापली जाते, त्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना या योजनेच्या दवाखान्यांतून रोजची औषधेसुद्धा मिळतात. विम्यातून औषध मिळण्याचा हाच आपल्यासारख्यांस सर्वांत जवळचा मार्ग. परंतु मुलगा पुण्यास आणि आईवडील कळंब-परंड्यास, म्हणून कित्येकांनी आईवडिलांची नावेच नोंदविलेली नाहीत. त्या नोंदी तपासाव्यात. माजी सैनिकांसाठीही २००३ पासून स्वतंत्र अंशदायी आरोग्य योजना असून तीतून औषधे मिळतात.

शेवटी मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक तालुक्यात आपले दोन शिकलेले तरुण निवडावेत. त्यांनी कार्ड काढणे, अर्ज भरणे, नोंदी तपासणे यांत ज्येष्ठांना साहाय्य करावे. दोन, वार्षिक मेळाव्याच्या दिवशी तीस वर्षांवरील सर्वांची साखर तपासावी. सुई टोचून घेण्यासाठी अध्यक्षांनी प्रथम बोट पुढे करावे. तीन, एक छोटा औषध निधी उभारावा. सत्काराच्या शाली, श्रीफळे व फेटे यांवर जो खर्च होतो, त्याचा चौथा हिस्सा जरी या निधीत पडला, तरी ज्यांना महिन्याचे शेवटचे आठ दिवस अर्धी सुई घ्यावी लागते, अशा काहींची कुपी पुरी होईल. मदत घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये, ही माझी आग्रहाची विनंती. कारण नाव छापले जाणार असेल, तर ज्यास खरी गरज आहे तो मागावयास येणार नाही.

मधुमेह जडला म्हणजे कर्तृत्व संपले, असे कोणी मानू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मधुमेहाने प्रकृती ढासळली असतानाही देशाच्या घटनेचा मसुदा सिद्धीस नेला. आपली कामे त्या मानाने लहान आहेत. ती नेमाने करीत राहण्यास वेळेवरची सुई, मापाचे जेवण आणि रोजचे चालणे पुरेसे आहे. सुई वेळेवर मिळणे मात्र एकट्याच्या हाती नाही. तेथे समाज म्हणवून घेणाऱ्यांचे काम सुरू होते.